शेजारच्या हद्दीला हिरवा पडदा: तेरसारख्या गावात कोणती झाडं लावावीत?

अंगण, न्हाणी किंवा बाज टाकायची जागा शेजारच्या नजरेआड राहावी म्हणून अनेक जण भिंतीऐवजी झाडांचं कुंपण लावतात. खर्च कमी येतो आणि गारवाही मिळतो. पण हे कुंपण दोन घरांच्या मध्ये वाढतं. झाड चुकीचं निवडलं तर त्याचा त्रास शेजाऱ्यालाही होतो, आणि ऐन उन्हाळ्यात पडदा विरळ पडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण घेऊन ही निवड कशी करायची ते पाहू.

पहिला प्रश्न: उन्हाळ्यात हिरवं राहील का?

तेरणा नदीकाठचं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे आणि पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गोरोबाकाकांची यात्रा भरते चैत्रात. तेव्हा घरी पाहुणे असतात आणि रात्री बाजा अंगणात येतात. पडद्याची गरज सर्वांत जास्त याच दिवसांत असते आणि पाण्याची टंचाईही याच दिवसांत. म्हणून गिरिपुष्पासारखं झाड फांदी खोचली की लागत असलं, तरी पडद्यासाठी कमी पडतं. हिवाळा संपता संपता त्याची पानं गळतात.

कोणती झाडं चालतात?

- मेंदी: कोरड्या हवेत तग धरते, छाटणी सोसते आणि 5-6 फुटांचं दाट कुंपण होतं.
- अडुळसा: फांदीपासून लागतो. कडू असल्यामुळे शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरं असलेल्या गल्लीत हा गुण महत्त्वाचा.
- कडू मेंदी (कोयनेल): हीसुद्धा फांदीपासून येते आणि बारमाही हिरवी असते. मात्र वरचेवर छाटावी लागते.
- बोगनवेल: एकदा रुजली की पाणी फार कमी लागतं. काटे असल्यामुळे वाटेच्या बाजूला नको.

उंच अशोक कमी जागेत सरळ वाढतो, पण सुरुवातीची काही वर्षं त्याला नियमित पाणी हवं. वर विजेची तार असेल तर तो टाळावा.

कोणती टाळावीत?

शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा होते. जनावरं खात नाहीत म्हणून ही झाडं शेताच्या बांधावर दिसतात. पण घराशेजारी, जिथे दोन्हीकडची लहान मुलं खेळतात, तिथे ती नकोत.

लावायचं कसं?

हद्दीबद्दल शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. रोपं हद्दीवरच न लावता 2-3 फूट आत लावावीत. म्हणजे छाटणीसाठी शेजारच्या अंगणात जावं लागत नाही. फांद्या पलीकडे गेल्या, तर शेजाऱ्याला त्या आपल्या हद्दीपुरत्या छाटता येतात.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर, एकेक फुटावर, दोन ओळींत नागमोडी रोपं लावावीत. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून थोडा वरंबा करावा. रोपं रुजल्यावर शेंडे खुडावेत. तसं न केल्यास झुडूप वर वाढतं आणि खालून उघडं राहतं. उन्हाळ्यात बुडाशी पाचट किंवा वाळलेला पाला पसरला की ओल टिकते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इथे जुने मणी आणि मातीच्या वस्तू मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय गावातच आहे. खड्डा खणताना 10 रुपयांपेक्षा जास्त मोलाची जुनी वस्तू सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

माळवदावरून दिसत असेल तर?

सहा फुटांचं कुंपण जमिनीवरून येणारी नजर अडवतं, शेजारच्या माळवदावरून येणारी नाही. त्यासाठी हद्दीला उंच झाडं लावली तर शेजाऱ्याचं ऊन आणि वारा अडतो. त्यापेक्षा न्हाणीवर किंवा बाजेच्या जागेवर छोटा मांडव घालून वेल चढवावा. आडोसा जितका आपल्या जवळ, तितका तो कमी उंचीचा पुरतो.

रोपं आणण्याआधी शेजाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात: कुंपण किती उंच ठेवणार आणि छाटणी कोण करणार. दोन्ही घरांनी मिळून लावलं तर रोपांचा खर्च आणि उन्हाळ्यातलं पाणीही वाटून घेता येतं.