भीमाकाठची छोटी यात्रा

शिरूर-दौंडकरांनी दोन दिवस काढून भीमाकाठची यात्रा अवश्य करावी. तुळापूरच्या संगमावर स्नान करून संगमेश्वराला बेल वाहावा. जवळच वढू बुद्रुकला शंभूराजांची समाधी. तेथे १६८९ साल आठवून माथा आपोआप लवतो. मग नदीच्या ओघाबरोबर दौंडकडे उतरून शिरापूर गाठावे. पैलतीरी सिद्धटेक! अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेले देवालय, हरिपंत फडक्यांनी केलेली फरसबंदी वाट. पेशव्यांच्या या सेनापतीने १७९४ साली देह ठेवला, तोही येथेच. आता पूल आहे. पूर्वी नावेवाचून गत्यंतर नसे. बांधणाऱ्यांची नावे राहिली. भरल्या भीमेतून भाविकांना पार नेणाऱ्या नावाड्यांची मात्र लिहिलेली आढळत नाहीत. वडीलधाऱ्यांना आठवत असतील, तर त्यांनी अवश्य सांगावीत.