आगाशीच्या परिसरातील माप, मराठी अपूर्णांक आणि दशांशाची रेषा

संख्यारेषेवर लगतच्या दोन पूर्णांकांमध्ये असलेल्या बिंदूस नाव कसे द्यावयाचे, हा प्रश्न जितका गणिताचा तितकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे. शालेय गणितात त्याचे उत्तर ठरलेले आहे. त्या अंतराचे दहा समान भाग करावे, बिंदू ज्या भागात पडेल त्याचे पुन्हा दहा भाग करावे, आणि याप्रमाणे मिळणारे अंक दशांशचिन्हापुढे क्रमाने लिहावे. मराठी भाषेपाशी याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर फार पूर्वीपासून आहे. दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर ते मागे पडले, व ते केवळ बाजारी व्यवहाराची ओबडधोबड सोय होते असा समजही रूढ झाला. उत्तर कोकणातील आगाशी व तिच्या आसपासच्या मुलखाशी निगडित अशा काही साधनांच्या आधारे हा समज तपासून पाहता येतो.

सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी हे जहाजबांधणीसाठी व व्यापारासाठी नावाजलेले बंदर होते. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी त्यावर हल्ले केले ते यामुळेच. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. नव्या राज्यकर्त्यांना सारा व व्यापार यांसाठी स्थानिक मापे समजून घेणे भाग होते. आंतोनियु नूनिश याने १५५४ मध्ये सिद्ध केलेल्या वजने, मापे व नाणी यांच्या ग्रंथात वसईची मापेही आली आहेत. तेथील एक मुडा भात म्हणजे तीन खंडी, व ते कांडल्यावर तांदूळ दीड खंडी आणि वर थोडासा भरतो, अशा आशयाची नोंद त्यात आहे.

या नोंदीतील 'वर थोडासा' हा अंश विचार करण्याजोगा आहे. दीड हा बिंदू निश्चित आहे. त्यापुढचे अंतर मात्र मापून सांगितलेले नाही. अपूर्णांक दशांशात लिहिण्याची कल्पना तोवर जगात नव्हती असे नाही. दमास्कस येथे ९५२ मध्ये अल्-उक्लीदिसी याने, व समरकंद येथे १४२७ मध्ये अल्-काशी याने ती मांडली होती. परंतु युरोपात तिचा पद्धतशीर प्रसार करणारी सिमोन स्टेव्हिन याची पुस्तिका १५८५ ची, म्हणजे नूनिशच्या ग्रंथानंतर एकतीस वर्षांनी आलेली आहे. स्टेव्हिनने ती ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे व मद्याची पिंपे मापणारे अशा लोकांना उद्देशून लिहिली, हेही अर्थपूर्ण होय. ज्यांच्या हिशेबात असा 'थोडासा' अंश रोज उरत होता, तेच हे लोक होत.

ही वर्णनाची तऱ्हा पोर्तुगीजांनी आणलेली नव्हे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आगाशीपासून जवळच असलेल्या सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. त्याच राजाच्या, अन्यत्र सापडलेल्या गौण शिलालेखात 'अडीच वर्षांहून अधिक' असा काळाचा निर्देश आहे, व त्यातील 'अडीच' या अर्थाचा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' या शब्दाचे प्राकृत रूप आहे. प्रथम जवळचा ठरलेला बिंदू सांगावयाचा व मग 'त्याहून अधिक' म्हणावयाचे, ही रीत भारतीय भाषांत किमान बावीसशे वर्षांची आहे.

'अडीच' हा मराठी शब्द याच 'अर्धतृतीय' पासून आला. त्याचा अर्थ 'तिसरा अर्धा' असा आहे: दोन पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर आला. 'दीड' म्हणजे 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा. आणि साडेतीन या अर्थाचा 'औट' म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. जर्मन भाषेत दीडसाठी असलेला 'आंडरथाल्प' हा शब्दही याच घडणीचा, म्हणजे 'दुसरा अर्धा' असा आहे. 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासहित. 'साडे' म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासहित. 'पावणे' म्हणजे 'पादोन', पावाने उणा. सव्वादोन म्हणणारा दोनवर उभा राहून पुढे पाहतो; पावणेतीन म्हणणारा तीनवर उभा राहून मागे पाहतो; अडीच म्हणणारा तिसऱ्या अंतराच्या मध्यावर असतो. हे शब्द केवळ राशी सांगत नाहीत, रेषेवरील स्थान सांगतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे पाढे जुन्या शाळांतून मुखोद्गत करून घेत, तेव्हा मुलाच्या कानावर ही स्थानेच बिंबत असत.

लेखनातही हीच व्यवस्था होती. हिशेबाच्या वहीत रुपयाचा पाव भाग उभ्या दंडाने, व त्या पावाचा पाव म्हणजे आणा आडव्या रेघेने दाखवीत. दोन रुपये अकरा आणे लिहिताना दोनच्या अंकापुढे दोन दंड व तीन रेघा येत: दोन पाव, आणि पावाचे तीन पाव. येथे एका अंतराचे चार भाग व त्यांतील एकाचे पुन्हा चार भाग केलेले आहेत. दशांशाची क्रिया हीच आहे. फक्त भाजक चारऐवजी दहा. तीच रक्कम दशांशात २.६८७५ होते. जुन्या रीतीत दोन पायऱ्यांत मिळणाऱ्या बिंदूस येथे चार पायऱ्या लागतात. उलट एक दशांश हा बिंदू एक आणा व दोन आणे यांच्या मध्ये पडतो, आणि चारचे भाग कितीही वेळा केले तरी तो नेमका हाती लागत नाही. चारच्या विभागणीतील प्रत्येक बिंदू सांत दशांशात लिहिता येतो. दशांशातील प्रत्येक बिंदू मात्र चारच्या विभागणीत येत नाही. दशमानाचे खरे सामर्थ्य या असमानतेत आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा ही गोष्ट बाजारात प्रत्यक्ष दिसली. चार, आठ व बारा आणे हे बिंदू २५, ५० व ७५ वर अचूक बसले. एक आणा मात्र ६.२५ वर पडला व व्यवहारात तो सहा नये पैसे धरावा लागला. तीन आणे १८.७५ ऐवजी एकोणीस झाले. जे बिंदू जुळले त्यांची नावे टिकली. १९६४ मध्ये 'नये' हे विशेषण गेले, तरी पंचवीस पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून जाईपर्यंत लोकांच्या तोंडी 'चार आणे'च राहिले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली. शेर गेला, परंतु पावशेरातील 'पाव' अडीचशे ग्रॅमसाठी कायम राहिला.

या इतिहासाचा संबंध आजच्या अध्यापनाशी येतो. २.१२५ हा अंक 'दोन पॉइंट एकशे पंचवीस' व २.७५ हा 'दोन पॉइंट पंचाहत्तर' असा वाचला की एकशे पंचवीस मोठे, म्हणून पहिली संख्या मोठी, असा ग्रह विद्यार्थ्याचा सहज होतो. ही चूक दशांशपद्धतीची नाही. दशांशचिन्हापुढील अंक पूर्णांकाच्या नावाने उच्चारण्याची आहे. त्या नावातून लांबी कळते, स्थान कळत नाही. 'सव्वादोनच्या अलीकडे' आणि 'पावणेतीन' असे म्हटल्यास तोच विद्यार्थी दोन्ही बिंदू रेषेवर क्षणात दाखवू शकेल.

तेव्हा जुन्या शब्दांकडून दशांशाकडे झालेला प्रवास अज्ञानाकडून ज्ञानाकडे झाला, असे म्हणता येत नाही. अंतर पुन्हापुन्हा विभागून बिंदू गाठण्याची कल्पना दोन्हींत समान आहे. दशांशाने 'वर थोडासा' या अनिश्चित अंशाला हव्या तितक्या सूक्ष्मतेने नाव दिले, हा निःसंशय लाभ होय. परंतु आपण कोणत्या दोन पूर्णांकांमध्ये आहोत व कोणाच्या अधिक जवळ आहोत, हे कानाला सांगणारी शब्दयोजना मराठीत आयती आहे. दशांश शिकविताना ती टाकून देण्याचे कारण नाही. रेषेवर प्रथम पाव, अर्धा व पाऊण यांच्या खुणा कराव्या, आणि मग त्यांच्या दरम्यान दशांश वाचावे, हा क्रम मराठी भाषकास स्वाभाविक ठरेल.