कोर्लईचा पुरावा आणि सालाझारी राज्यतत्त्व

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्यें समुद्रास मिळते. पेण-रोहें भागांत जुन्या कागदांचा शोध करणारांस फिरंग्यांचें प्रकरण या मुखापाशींच भेटतें. चौल व कोर्लई हीं त्यांचीं ठाणीं स. १७४० च्या तहानें मराठ्यांकडे आलीं. विसाव्या शतकांतील सालाझारशाहीशीं याचा काय संबंध, असें वाचक विचारतील. आमच्या मतें तो निकटचा आहे.

'इस्तादु नोव्हु', म्हणजे 'नवें राज्य', हें स. १९३३ च्या घटनेनें उभें राहिलें. त्याचीं मुळें मात्र जुनीं होतीं. स. १९१० त पोर्तुगालांत राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें व त्यानें चर्चचे अधिकार तोडले. त्याविरुद्ध आंतोनियु सार्दीन्य प्रभृतींनीं स. १९१४ पासून 'इंतेग्रालिझ्मु लुझितानु' हा पंथ चालविला. लोकनियुक्त संसद कृत्रिम. राजा, कुटुंब, धंदेसंघ व धर्म हींच राष्ट्राचीं नैसर्गिक अंगें, असें त्याचें म्हणणें. फ्रान्समधील शार्ल मोरास याच्या मतांची छाया त्यावर स्पष्ट दिसते. दुसरें मूळ तेरावे लिओ या पोपांच्या स. १८९१ च्या श्रमविषयक पत्रांत आहे. कुइंब्रा येथील अर्थशास्त्राचे अध्यापक सालाझार हे कॅथलिक चळवळींतून पुढें आले. स. १९२६ च्या लष्करी उठावानंतर ते स. १९२८ त अर्थमंत्री व स. १९३२ त मुख्य प्रधान झाले. राजाचा आग्रह त्यांनीं सोडला. उरलेल्यांपैकीं बरेंचसें उचललें.

तिसरें मूळ आम्हांस अधिक जवळचें. स. १९३० च्या 'आक्तु कोलोनियाल' या कायद्यानें समुद्रापलीकडील मुलूख बाळगणें व तेथील लोकांस 'सुधारणें' हें पोर्तुगीज राष्ट्राच्या प्रकृतीचेंच ऐतिहासिक कार्य ठरविलें. गोव्याच्या कौन्सिलांत लुईस द मिनेझेस ब्रागांझा यांनीं त्याच वर्षीं ठराव मांडून हें नाकारलें. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनीं स. १९४४ त गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली.

आतां कोर्लईकडे पाहावें. तेथील पोर्तुगीज अंमल गेला. परंतु ख्रिस्ती वस्ती राहिली, आणि पोर्तुगीजांतून निघालेली, मराठीचा संस्कार झालेली तिची बोली आजहि घरांत चालते. राज्यावांचून संस्कार टिकत नाहीं, हें त्या कायद्याचें गृहीत येथें पूर्वींच खोटें ठरलें होतें. पुढें स. १९६१ त गोवा मुक्त झाला व स. १९७४ त तें 'नवें राज्य'हि कोसळलें.

इतिहासाच्या नांवानें सत्ता सिद्ध करणारांस उत्तर इतिहासाच्या साधनांनींच द्यावें लागतें. तेव्हां स. १७४० नंतरच्या चौल-कोर्लईकडील ख्रिस्ती रयतेविषयीं मोडी कागद पेण-रोह्याकडील कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं ते अवश्य प्रकाशांत आणावे, अशी आमची विनंति आहे.