हार्लनमधली भूक कुणी आणली?

फेब्रुवारी १९३१ मध्ये केंटकी राज्यातल्या हार्लन परगण्यात खाणमालकांनी मजुरी १० टक्क्यांनी कापली आणि आधीच अर्धपोटी राहणाऱ्या खाणकामगारांच्या घरांवर उपासमारीची पाळी आली. याचा दोष सरसकट महामंदीला दिला जातो. मंदीने कोळशाची मागणी आणि भाव पाडले, हे खरंच. पण त्या पडझडीचा सारा भार कामगाराच्या ताटावर आला, याचं कारण खाणवस्तीच्या रचनेतच होतं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही कंपनीने नेमलेला. मजुरी मिळे ती भरलेल्या कोळशाच्या टनांवर. छताला टेकू देणं, दगड उपसणं या कष्टांचे बहुधा पैसेच नसत. वर घरभाडं, डॉक्टर, सुरुंगाची दारू, अवजारांना धार लावण्याचा खर्च हे सगळं हिशेबातून आधीच वळतं होई. पगाराआधी उचल घेतली तर ती कंपनीच्या शिक्क्यांत मिळे. हे शिक्के कंपनीच्या दुकानात पूर्ण किमतीला चालत. बाहेर कुणी घेतलेच, तर बट्टा कापून. त्यामुळे महिनाभर राबूनही कित्येकांच्या हाती रोकड पडत नसे.

मालकांच्या बाजूने सांगितलं जातं, की त्या डोंगराळ मुलखात घरं आणि दुकानं कंपन्यांनीच उभारली, मंदीत उधारीवर पीठ दिलं आणि त्या स्वतःही तोट्यात होत्या. यात तथ्य आहे. पण उधारी देणाऱ्याच्याच हाती ती बंद करण्याचाही अधिकार होता. युनियनच्या सभेला गेल्यामुळे काम गेलेल्याला घरही रिकामं करावं लागे. अशी हाकललेली कुटुंबं कंपन्यांच्या मालकीबाहेरच्या एव्हर्ट्स गावात गोळा झाली आणि ५ मे १९३१ रोजी तिथेच झालेल्या गोळीबारात चार जण ठार झाले. कामगारांचा संप हा औद्योगिक तंटा आहे, असं म्हणून रेड क्रॉसने संपकऱ्यांच्या कुटुंबांना मदत नाकारली. कोळसा पट्ट्यातल्या मुलांना जेवण देणाऱ्या क्वेकर पंथाच्या संस्थेने आधी त्यांना काट्यावर उभं केलं. ज्यांचं वजन फारच कमी भरलं, त्यांना आधी ताट मिळालं.

शेरीफचे बहुतेक शिपाई कंपन्यांच्या पगारावर होते, हे १९३७ च्या सिनेट चौकशीत उघड झालं. कायद्याचा रखवालदारही मालकाचाच असेल, तर दाद मागायची कुणाकडे? मंदीने कोळशाचा भाव पाडला. उपासमारीचं हत्यार केलं ते मालकांनी. म्हणून मंदीचा इतिहास लिहिताना भावाच्या आलेखाइतकीच दुकानाची उधारीची वहीही तपासली पाहिजे.