काय झालं?

ओपीडीत केसपेपर पुढे सरकवला की डॉक्टर लिहिता लिहिताच विचारतात, "काय होतंय?" पेशंट सांगतो, डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. हा प्रश्न दुखण्याला विचारलेला असतो. घरात कुणी सारखी चिडचिड करायला लागलं की आपण म्हणतो, "काय झालंय काय तुला?" यात प्रश्न थोडा आणि ठपका जास्त. आणि शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून बसलं की आई त्याच्या शेजारी फरशीवर बसते, आवाज उतरवते आणि म्हणते, "काय झालं?"

मराठीत या तीन प्रश्नांत फरक आहे तो एखाद्या अक्षराचा आणि बराचसा आवाजाचा. पाश्चात्त्य वैद्यकाला त्या फरशीवर येऊन बसायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. माणसावर पूर्वी झालेल्या आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा आज 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर' या नावानं ओळखली जाते. तिची कुळकथा ही या तिसऱ्या प्रश्नाचीच कुळकथा आहे.

ट्रॉमा म्हटलं की आपल्याला महामार्गावरची पाटी आठवते, 'ट्रॉमा केअर सेंटर'. मोडलेली हाडं, फुटलेली डोकी. ते मूळ अर्थाला धरूनच आहे, कारण ग्रीक भाषेत ट्रॉमा म्हणजे जखम. शब्द शल्यचिकित्सकांचा. तो मनाच्या बाजूला सरकला त्याला निमित्त झालं आगगाडीचं. इंग्लंडात रेल्वेचे अपघात होत, काही प्रवासी डब्यातून धडधाकट उतरून घरी जात आणि मग काही दिवसांनी त्यांची झोप उडे, आठवण दगा देई, हातापायांना मुंग्या येत. लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली अशा रुग्णांवर पुस्तक लिहिलं आणि हादऱ्यानं पाठीचा कणा दुखावत असावा असं मानलं. पुढे १८८३ मध्ये हर्बर्ट पेज म्हणाले, कण्याचं सोडा, हे भीतीनं होतं. पेज हे एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते आणि रुग्णांचे दावे कंपन्यांवर चालू होते. त्यामुळे वैद्यकानं आघातग्रस्त माणसाला विचारलेला पहिला प्रश्न "काय झालं?" हा नव्हताच. तो होता, "खरंच झालं का?" भरपाईसाठी सोंग तर नाही ना? हा संशय या कुळात पिढ्यान् पिढ्या उतरलेला दिसतो.

आपल्या आज्यांना यातलं काही शिकवावं लागलं नसतं. "त्या दिवसापासून तिनं धसका घेतलाय," असं त्या सहज म्हणत. पोरगा गेल्यावर बापानं हाय खाल्ली, म्हणत. धसका शरीराला बसतो की मनाला, हा वाद त्यांनी कधी घातला नाही.

या इतिहासात नाशिकजवळच्या देवळालीचंही एक पान आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी तिथल्या छावणीत ठेवले जात. सैन्य नेणारी जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे हंगाम चुकला की उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, घर दिसत नाही, गाठीला वर्षानुवर्षांची पलटण. काहींचं डोकं फिरे. त्याला शिपायांच्या बोलीत नाव पडलं 'डूलॅली टॅप'. देवळालीचा ताप! ताप हा शब्दही आपल्याच इकडचा. आजही इंग्रजीत वेड्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. त्या छावणीतल्या माणसांच्या वाट्याला भाषेतून थट्टा आली. विचारपूस आली नाही.

पहिल्या महायुद्धात मनाची ही जखम लपवणं अशक्य झालं. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांची हकिकत छापली आणि 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात आला. एडिनबरोजवळ क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स अधिकाऱ्यांना बोलतं करत होते, त्यांचं ऐकून घेत होते. त्याच काळात लंडनमध्ये लुईस यीलँड वाचा गेलेल्या एका साध्या शिपायाला खोलीत घेऊन, दार लावून, घशाला विजेचे झटके देत होते, चार तास, तो बोलेपर्यंत. दोघेही डॉक्टर, दोघांनाही रुग्ण बरा करायचा होता. यीलँडनी तो प्रसंग १९१८ च्या आपल्या पुस्तकात यश म्हणून नोंदवला. माणूस बोलू लागला हे खरं, पण त्याचं काय झालं होतं हे त्या चार तासांत कुणी विचारलं नाही. याच युद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ज्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सैन्यानं गोळ्या घातल्या, त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी आपणहून गट करून बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्या रेट्यामुळे १९८० साली आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. पण युद्धावर न गेलेल्यांचं काय? ॲन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ १९७२ पासून वर्षभर बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागातून फोन आला की रात्री-अपरात्री जात होत्या, बलात्कार झालेल्या स्त्रियांशी बोलायला. दचकून उठणं, भयस्वप्नं, मळमळ, घराबाहेर पडण्याची धास्ती हे सगळं १९७४ च्या त्यांच्या लेखात आहे. सैनिकाची लक्षणं घरातल्या बाईत दिसत होती. या इतिहासात परिचारिकेचं नाव ठळक यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण पेशंटच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ उभी असते ती.

आता सॅन दिएगो, १९८५ चा सुमार. कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी अतिलठ्ठ माणसांसाठी उपचार चालवत होते. वजन उतरत होतं, अगदी शंभर-शंभर किलो. आणि नेमके ज्यांचं चांगलं उतरत होतं तेच लोक सोडून जात होते. एक बाई ४०८ पौंडांवरून १३२ वर आली, म्हणजे १८५ किलोंवरून ६० वर, आणि पुढे तीनच आठवड्यांत तिचं १७ किलो वजन परत वाढलं. फेलिटींना कोडं सुटेना. त्यांनी सोडून गेलेल्यांना बोलावून ठरावीक प्रश्न विचारायला घेतले: जन्मताना वजन किती, शाळेत जाताना किती, लैंगिक संबंध प्रथम आले तेव्हा वय किती. एका मुलाखतीत त्यांची जीभ घसरली. वय विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचं वजन किती होतं?

बाई म्हणाली, चाळीस पौंड.

चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. फेलिटींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा तोच चुकीचा प्रश्न विचारला. पुन्हा तेच उत्तर आलं आणि बाई रडू लागली. ती तेव्हा चार वर्षांची होती, आणि तो तिचा बाप होता.

ही हकिकत फेलिटींनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आपल्यातल्या कुणाला अठरा किलो म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणायचं असेल तर बालवाडीतलं मूल कडेवर घेऊन बघावं. नीट तयार केलेला प्रश्न जे काढू शकला नाही ते चुकलेल्या प्रश्नानं काढलं, कारण त्या प्रश्नात ते मूल प्रत्यक्ष दिसत होतं. पुढे एकामागून एक रुग्ण तशाच हकिकती सांगू लागले. काहींना वाढलेलं वजन ही अडचण वाटतच नव्हती. ते त्यांचं चिलखत होतं. डॉक्टर ज्याला रोग समजून उतरवत होते ते पेशंटनं जीव वाचवायला अंगावर चढवलं होतं.

१९९० मध्ये अटलांटातल्या परिषदेत फेलिटींनी हे मांडलं तेव्हा श्रोत्यांतून आक्षेप आला की असले रुग्ण आपलं अपयश झाकायला गोष्टी रचतात. रेल्वेच्या काळातला संशय पुन्हा उभा राहिला! त्याच परिषदेत रात्रीच्या जेवणाला अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रातल्या एकानं त्यांना सुचवलं, हजारो लोकांचा अभ्यास करा, मग कोण नाकारेल. त्यातून त्याच केंद्रातल्या रॉबर्ट आंडा यांच्यासोबतचा, १७,००० हून अधिक लोकांचा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास उभा राहिला. पहिला लेख १९९८ चा. निम्म्याहून जास्त लोकांनी निदान एका प्रकारचा असा अनुभव सांगितला. ज्यांनी चार किंवा जास्त प्रकार सांगितले त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. पुढे या अभ्यासातून दहा प्रश्नांची गुणपत्रिका सगळीकडे पसरली आणि लोक एकेका माणसाला गुण देऊन त्याचं भविष्य सांगू लागले. ते चूक आहे. आंडांनी स्वतःच २०२० मध्ये तसं लिहिलं. हजारोंच्या हिशेबातून एका माणसाची पत्रिका मांडता येत नाही.

अभ्यासानं आघात किती पसरलेला आहे ते दाखवलं. रुग्णालय स्वतःच आघात करतं, हे मात्र रुग्णांनाच सांगावं लागलं. अमेरिकेत १९९४ साली सरकारी पुढाकारानं भरलेल्या 'डेअर टू व्हिजन' या परिषदेत अत्याचार सोसलेल्या स्त्रिया बोलल्या. मनोरुग्णालयात हातपाय बांधणं आणि एकट्या खोलीत कोंडणं याला उपचार म्हणत, आणि लहानपणी त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्यानं अगदी हेच केलं होतं. फिलाडेल्फियाकडे डॉ. सँड्रा ब्लूम यांच्या वॉर्डात जोसेफ फोडेरारो या सामाजिक कार्यकर्त्यानं तिथल्या कामाचं सार एका वाक्यात पकडलं. तुझ्यात काय बिघडलंय, हे सोडून तुझ्या बाबतीत काय घडलं, हे विचारायचं. २००१ मध्ये मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी त्याला शास्त्राची चौकट दिली. अमेरिकी सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनं तिची सहा तत्त्वं केली आणि मग ती तत्त्वं भिंतीवरच्या तक्त्यांत गेली. तक्त्यांविषयी मला फार सांगायचं नाही.

हॅरिस आणि फॅलट यांची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी अशी आहे. आघातावर उपचार करणं वेगळं आणि आघाताची जाण ठेवून काम करणं वेगळं. दुसऱ्यासाठी कुणाच्या तोंडून काही वदवून घ्यावं लागत नाही. एचआयव्हीनंतर रुग्णालयांनी प्रत्येक पेशंटसाठी हातमोजे घालायला सुरुवात केली, कुणाला काय आहे हे न विचारता. तसंच हे. ब्लड प्रेशरचा पट्टाच बघा. दंडाभोवती आवळतो, आणखी आवळतो, सुटता येत नाही, आणि समोरचा माणूस उभा असतो तर आपण बसलेले. ज्या बाईचा दंड कुणी धरून पिरगाळला असेल तिची छाती तिथेच धडधडू लागते, आकडा वर जातो आणि केसपेपरवर रक्तदाब लिहिला जातो. सिस्टरनं आधी समोर बसून, "आता हात जरा घट्ट आवळेल हं, नको वाटलं तर सांगा, लगेच सोडते," एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात.

इकडे हा शब्द पोचण्याआधी काम पोचलं होतं, आणि ते आपल्या मुंबईत. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी देशातलं रुग्णालयातच असलेलं पहिलं केंद्र. जागा रुग्णालयातली निवडण्यात मोठं शहाणपण होतं. बाई पोलिसात गेली की घरात बोभाटा होतो, वकिलाकडे जायला पैसे लागतात, पण "दवाखान्यात जाऊन येते" म्हटलं की कुणी अडवत नाही. आणि तशीही ती तिथे येतच होती. मोरीत घसरले म्हणून. स्टोव्हचा भडका उडाला म्हणून. चुकून ढेकणाचं औषध प्यायले म्हणून. सिस्टर आणि डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं ते या 'म्हणून'च्या मागे बघण्याचं. मोरीत घसरलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ कसे? मग सासूला, नवऱ्याला बाहेर थांबवायचं, पडदा ओढायचा आणि हळू आवाजात विचारायचं. ती नाही बोलली तर दिलासाची खोली कुठे आहे तेवढं सांगून ठेवायचं.

याची गरज महाराष्ट्राला किती जुनी होती बघा. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात दोन पोलीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्या निकालात तिच्या वैद्यकीय तपासणीचा उल्लेख आहे, योनीत दोन बोटं सहज गेली असा. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चौघा प्राध्यापकांनी निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला, पण दोन बोटांची तपासणी पुढेही कित्येक वर्षं चालू राहिली. "खरंच झालं का?" या संशयाला इथे हात फुटले होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती वाईट होतात याचा अहवाल तयार केला, नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

त्याआधी, मार्च २०१४ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं तपासणीचा नवा नमुना दिला होता. त्यात बाईची संमती एकदाच, वरवर घ्यायची नाही. तपासणीला वेगळी, नमुने घ्यायला वेगळी, पोलिसांना कळवायला वेगळी. प्रत्येकीपुढे दोन घरं, होय आणि नाही. मधेच कुठल्याही टप्प्यावर बाई तपासणी थांबवू शकते. तपासणी नाकारली तरी औषधोपचार नाकारता येत नाहीत. तिनं 'नको' म्हटलं की डॉक्टरनं हात मागे घ्यायचा, चादर वर ओढून द्यायची आणि 'नाही'च्या घरात तिचं उत्तर लिहायचं.