सायबर बुलिंग: मुलं घरी सांगत का नाहीत, आणि सांगितलं तर काय करायचं?

वर्गातल्या एका मुलीचा जांभई देतानाचा फोटो कुणीतरी काढतं. संध्याकाळपर्यंत त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर झालेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती ग्रुपवर काहीही बोलली की उत्तरादाखल तेच स्टिकर पडतं. आठवडाभरात तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर बनावट अकाउंट उघडलं जातं आणि शाळेतली अर्धी पोरं ते फॉलो करतात. यात धमकी नाही, शिवी नाही, पैशांची मागणी नाही. पण सोमवारी सकाळी त्या मुलीचं पोट दुखतं आणि ती शाळेत जायचं नाही म्हणते.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण शाळेत मुलं असलेल्या कुठल्याही घराला ते अनोळखी वाटणार नाही. यालाच सायबर बुलिंग म्हणतात.

चेष्टा कुठे संपते?

शाळेतल्या दादागिरीचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९७० च्या दशकात डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि त्रास देणाऱ्याचं पारडं जड असतं. मोबाइलवर यातल्या दोन खुणांचं रूप बदलतं. एकच पोस्ट शंभर वेळा फॉरवर्ड झाली की टाकणाऱ्यानं एकदाच टाकली असली तरी मुलाला शंभर वेळा लागते. आणि पारडं जड व्हायला अंगात ताकद लागत नाही. कुणाचा तरी खासगी फोटो हातात असणं पुरेसं होतं.

कामगारनगरीत हा प्रश्न वेगळा का दिसतो?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा कारखान्यांवर वाढलेला पट्टा. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसं इथे कामाला आली आणि राहिली. आजी-आजोबा गावाकडे, वडील शिफ्टमध्ये, अनेक घरांत आईही कामावर. सेकंड शिफ्ट करून घरी परतेपर्यंत मध्यरात्र होते, तेव्हा मूल झोपलेलं असतं. सकाळी मूल शाळेत निघतं तेव्हा बाप झोपलेला. मुलाचा चेहरा उतरलाय हे बघायला घरात जागं माणूसच नसतं.

त्यात मुलांच्या हातात फोन आला तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये, ऑनलाइन वर्गांसाठी. शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र हातातच राहिला. पूर्वी चिडवणारी पोरं निदान शाळेच्या गेटपाशी मागे राहायची. आता ती घरापर्यंत सोबत येतात.

बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते: बोलण्याची लकब. लातूर-परभणीकडचा हेल किंवा हिंदी वळणाचं मराठी वर्गात चेष्टेचा विषय होतं, मग त्याची व्हॉइस नोट फिरते. याला मोठी माणसं 'गंमत' म्हणून सोडून देतात.

जुलै २०२४ मध्ये किवळे भागात दहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शहरभर ऑनलाइन गेमची चर्चा झाली. पालकांना काळजी वाटणं स्वाभाविकच होतं. पण तेव्हापासून मुलांच्या फोनबद्दलची सगळी भीती 'गेम' आणि 'स्क्रीन टाइम' या दोन शब्दांत अडकून बसली. छळ वेळेच्या हिशोबात बसत नाही. दिवसातून फक्त अर्धा तास फोन वापरणाऱ्या मुलाचाही छळ होऊ शकतो, आणि करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो.

मनावर काय परिणाम होतो?

ब्रिटनमधल्या स्वान्झी, ऑक्सफर्ड आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याविषयीचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात ३० देशांतली दीड लाखाहून जास्त मुलं-तरुण होते. सायबर बुलिंग सोसलेल्या २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये स्वतःला इजा करण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळलं. दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: छळ करणाऱ्या मुलांमध्येही आत्महत्येचे विचार आणि तशी वागणूक जास्त दिसली.

मात्र याचा अर्थ 'बुलिंग झालं म्हणून आत्महत्या' असा सरळ काढता येत नाही. आधीच उदास किंवा एकटं असलेलं मूल लक्ष्य होण्याची शक्यता जास्त असते, म्हणजे संबंध दोन्ही बाजूंनी आहे. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं.

घरात दिसणारी लक्षणं साधी असतात. झोप मोडणं, परीक्षा नसताना पोटदुखी-डोकेदुखी, नोटिफिकेशन वाजताच दचकणं, अचानक अकाउंट बंद करणं. काही मुलं फोनला हात लावत नाहीत, तर काही तो क्षणभरही सोडत नाहीत, कारण आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. या दुसऱ्या मुलाला घरात 'व्यसन लागलंय' असं ऐकावं लागतं.

मग सांगत का नाहीत?

सांगितलं की पहिली गोष्ट काय होणार, हे मुलाला पक्कं ठाऊक असतं: फोन जप्त. म्हणजे त्रास दुसऱ्यानं दिला आणि शिक्षा आपल्याला. शिवाय पुरावा आणि धीर देणारे एक-दोन मित्र, दोन्ही त्याच फोनमध्ये असतात. 'तूच काहीतरी केलं असशील' हे वाक्य तर पुढचे सहा महिने मुलाचं तोंड बंद ठेवू शकतं.

म्हणून पहिल्या तासात फोन हिसकावू नका. चॅट, प्रोफाइलचं नाव, लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. उलट उत्तर देऊ नका, मेसेज डिलीट करू नका. आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, हा क्रम महत्त्वाचा.

इथे एक अपवाद आहे. फोटो किंवा व्हिडिओ अल्पवयीन मुलाचा आणि अश्लील असेल, तर तो पुरावा म्हणूनसुद्धा वर्गशिक्षकांना किंवा पालकांच्या ग्रुपवर पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि पॉक्सो कायद्यानुसार असा मजकूर पसरवणं हाच गुन्हा आहे. त्या फोनसह थेट पोलिसांकडे जा. असा फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून फोटो शोधून काढतात.

कायदा काय म्हणतो?

'सायबर बुलिंग' नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. कृत्य बघून कलम लागतं: दुसऱ्याचा पासवर्ड वा डिजिटल ओळख वापरली तर ६६क, तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ड, खासगी भागांचं चित्रण केलं तर ६६ई. मुलीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो.

व्हॉट्सॲपवर अजून '६६अ खाली तक्रार करा' असे मेसेज फिरतात. ते कलम शिल्लक नाही. २०१२ मध्ये पालघरमधल्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाल्यानंतर ते वादात सापडलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं.

त्रास देणारा १८ वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. चौकशी सुरू असताना त्याचं किंवा पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला कलम ७४ नुसार मनाई आहे. 'धडा शिकवायचा' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर त्या पोराचा फोटो टाकणारा पालक स्वतःच अडचणीत येऊ शकतो.

तक्रार कुठे?

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून सुरू झालं आणि चाकण त्यातच येतं, म्हणजे चाकणकरांना यासाठी पुणे शहरात जावं लागत नाही. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू लागलं, तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' म्हणून नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मुलं आणि महिलांसंबंधी अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न सांगताही होते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८. मनाचा त्रास होत असेल तर टेलि-मानस १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. मूल स्वतः फोन करू शकतं. प्रत्यक्ष भेटून बोलायचं असेल तर पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मूल मरणाबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.