कीचकवध आणि प्रेक्षक

नाटक पाहून मनुष्य हिंसेस प्रवृत्त होतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा सरकारी बंदीच्या रूपाने उभा राहिला होता. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे रूपक प्रेक्षकांस उलगडून सांगावे लागत नसे. १९१० साली सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यान्वये त्याचे प्रयोग बंद केले.

त्यापूर्वी थोडेच दिवस, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ह्यांचा वध झाला होता. परंतु त्या रात्री तेथे प्रयोग होता तो देवलांच्या ‘शारदे’चा! जरठ-कुमारी विवाहावर कोरडे ओढणाऱ्या त्या नाटकात राजकीय सूडाचा लवलेशही नाही. गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे हे औरंगाबादेस शिकलेले तरुण. त्यांच्या संतापाचे एक मोठे कारण म्हणजे बाबाराव सावरकरांस त्याच वर्षी झालेली काळ्या पाण्याची शिक्षा. आणि ती तरी कशाबद्दल? राजद्रोही ठरविलेल्या कविता छापल्याबद्दल. शब्दांनी हिंसा माजेल ह्या भयाने दिलेली शिक्षाच हिंसेस निमित्त झाली.

कान्हेरे ज्या औरंगाबादेत शिकले, तिच्याच जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात, तेव्हा भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव मोडत असे. आज ते जालना जिल्ह्यात आहे. अशा गावांतून श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रतापा’च्या पोथीत कीचकाचा वध भाविक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत. अध्याय संपला की पोथीस नमस्कार करून श्रोते निवांतपणे घरी जात. तीच कथा पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत सरकारास दारूगोळ्यासारखी भासली. कथा जुनीच होती. वंगभंगानंतरचा प्रेक्षक मात्र नवा होता.

म्हणून पाहिलेले सारे निरुपद्रवी असते, असे नव्हे. अमेरिकेत अल्बर्ट बँडुरा ह्यांच्या १९६१ सालच्या प्रयोगात, मोठ्या माणसास बाहुली बडवताना पाहिलेली मुले स्वतःही ती बडवू लागली. १९६३ साली चित्रपट दाखवूनही तोच अनुभव आला. हात कसा उचलावा, हे पाहून शिकता येते. तो उचलावासा का वाटतो, ह्याचे उत्तर मात्र पुष्कळदा नाट्यगृहाबाहेरच शोधावे लागते.

आज घरोघरी मुले पडद्यावर मारामारी पाहतात. पालकांनी तो पडदा वेळीच झाकावा, हे योग्यच; पण मुलाच्या मनात आधीपासून कोणता राग धुमसत आहे, हेही त्यास जवळ बसवून विचारावे. नाटक बंद पाडणाऱ्या सरकारास तेवढे सुचले नाही.